ठैर के बोल

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत यावं की परत जावं, अशा बेतात. मी डबा बंद केला आणि तिला हाताने बोलावलं. तिने दोन्ही बाजूंना पाहिलं आणि हळूच विचारलं, "आपा, रेडिओ पे बोलना हो तो क्या करना पड़ता?"

मुलीचा आवाज मला ठाऊक आहे. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठी राजभाषा दिनाला तिने एक उतारा वाचला होता, तेव्हा पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी मला विचारलं, ही मुलगी तुमच्याच शाळेची ना? (असल्या कौतुकाचा राग धरायचं मी आता सोडून दिलंय.) आकाशवाणीवर मुलांच्या कार्यक्रमात शाळेतल्या मुलांना बोलावतात, हे तिने कुठून तरी ऐकलं होतं. मी म्हटलं, सोपं आहे, शाळेचं पत्र मी देते, घरची परवानगी तू आण. परवानगी म्हटल्यावर ती चपलेच्या अंगठ्याकडे पाहू लागली. "अब्बू नको म्हणालेत."

घंटा झाली आणि ती गेली. मी त्या दिवशी पुढचे दोन तास कसे घेतले, मला आठवत नाही. कारण हा प्रश्न मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी विचारला होता आणि उत्तरही हेच मिळालं होतं.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी आमचं घर. अब्बा सतार आणि तंबोऱ्याच्या कामावर. भोपळे वाळवून कापणं, तबली बसवणं, पडदे बांधणं ही कामं गल्लीतले बरेच जण करायचे. अब्बांचा हात जवारीवर बसलेला होता. तारेखालची घोडी कानसीने इतकी हलकी घासायची की तार छेडल्यावर आवाज मिटलेला न राहता उघडला पाहिजे. चार वेळा घासायचे, चार वेळा छेडायचे, पाचव्यांदा डोळे मिटायचे. आमची सकाळ अशी होती: फज्रची अजान, मग रेडिओची ती ओळखीची धून, मग अब्बांची तार. रेडिओची ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासिताने बांधली असं मानलं जातं, हे मला फार उशिरा कळलं. रविवारी त्यात मिशनच्या चर्चची घंटा मिसळायची. खाँसाहेब अब्दुल करीम खाँची कबर आमच्या दर्ग्यात, दर उरुसाला तिथे गवई येऊन गाणार, आणि त्याच गावात मिशनचा दवाखाना, चर्च, पेटीवर म्हटली जाणारी मराठी गीतं. हे सगळं एका गावात असणं विशेष आहे, असं आम्हा मुलांना कधी वाटलंच नाही.

१९९९ साली, बी.ए. करत असताना, मी कुणाला न सांगता सांगलीला जाऊन आकाशवाणीची आवाजाची चाचणी दिली. तरुणांच्या कार्यक्रमासाठी अधूनमधून बोलावतात, तशा कामाची. एक बातमी, एक कविता, एक उतारा वाचायचा होता. काचेपलीकडे बसलेल्या बाई हसल्या नाहीत, पण शेवटी म्हणाल्या, "उर्दूचा उच्चार मराठीत आणू नकोस म्हणून सांगणार होते, पण राहू दे, चांगला लागतोय." पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र घरी आलं. पोस्टमनने ते अब्बांच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी मामू आले. आमच्यात एक वाक्य फार चालतं, औरत की आवाज़ का भी परदा होता है. मामूंनी ते वाक्य उच्चारलं आणि चहा मागितला. अम्मी काही बोलली नाही. मी अब्बांकडे पाहत राहिले. या माणसाच्या रेडिओवर हिराबाई बडोदेकर लागल्या की घरात कुणी भांडं वाजवायचं नाही, असा नियम होता. हिराबाई म्हणजे खाँसाहेबांची लेक. मला वाटलं, अब्बा आता म्हणतील, मग खाँसाहेबांच्या मुलीचं काय? त्यांनी पत्राची घडी घातली, हत्यारांच्या पेटीत कानशीखाली ठेवली आणि म्हणाले, "नौकरी करनी तो स्कूल में कर."

मी बी.एड. केलं. अब्बांना मी दुष्ट ठरवत नाही. पण त्यांनी मला दुखावलं, आणि हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

आता दुसरी गोष्ट. २०२४ मध्ये आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला "शिक्षण आणि रेडिओ" यावर अर्धा तास बोलायला सांगितलं. असे विषय उर्दू शाळेच्या बाईंच्या वाट्याला का येतात, कोण जाणे. बी.एड.च्या पुस्तकात शैक्षणिक नभोवाणीवर पान-दीड पान असतं, तेवढ्यावर भागणार नव्हतं. वाचता वाचता कळलं की बीबीसीवरून शाळांसाठी पहिला पाठ प्रसारित झाला तो ४ एप्रिल १९२४ रोजी. शुक्रवार होता. म्हणजे बरोबर शंभर वर्षं झाली होती. मला वाटलं, पहिला पाठ विज्ञानाचा असेल, इतिहासाचा असेल. तो होता संगीताचा. आणि शिकवणारा होता चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक चोपन्न वर्षांचा माणूस, सर वॉलफोर्ड डेव्हिस.

शिक्षण परिषदेतलं माझं भाषण कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. जेवणाची वेळ झाली होती. पण तो माणूस माझ्या डोक्यातून जाईना.

त्याचा जन्म १८६९ चा, वेल्सच्या सीमेजवळच्या ऑस्वेस्ट्री गावातला. वडील पेशाने हिशेबनीस, पण गावातल्या गाण्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. ते काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चमध्ये गानवृंद चालवायचे. हा पंथ इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळा. दोघांत किती अंतर, हे आपल्या वाचकांना मी वेगळं समजावून सांगायला नको. ज्या मोहल्ल्यात दोन मसलकांच्या दोन मशिदी आहेत, त्यांना ते बरोबर कळेल. अशा घरातला मुलगा १८८२ मध्ये, बारा वर्षांचा असताना, विंडसरच्या राजवाड्यातल्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये गाणारा मुलगा म्हणून दाखल झाला. आवाज फुटेपर्यंत गायला, फुटल्यावर ऑर्गनकडे वळला. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकला, तिथेच शिकवू लागला आणि १८९८ मध्ये लंडनच्या टेंपल चर्चचा ऑर्गनवादक झाला.

टेंपल चर्चपाशी मला थांबावं लागलं. हे चर्च ज्यांनी बांधलं ते टेंप्लर सरदार म्हणजे क्रुसेडमधले लढवय्ये. त्यांच्या नावातलं "टेंपल" कुठून आलं? जेरुसलेम ख्रिस्ती फौजांच्या ताब्यात असताना त्यांचा तळ ज्या इमारतीत होता तिथून, आणि ती इमारत म्हणजे आपली मस्जिद-ए-अक्सा. लंडनच्या या चर्चचा अभिषेक ११८५ मध्ये झाला, जेरुसलेमच्या हेराक्लियस नावाच्या धर्माधिकाऱ्याच्या हातून. तो युरोपात आला होता तो सुलतान सलाहुद्दीनविरुद्ध मदत मागायला. दोनच वर्षांनी, ११८७ मध्ये, सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतलं.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी खरंच पुस्तक मिटवून ठेवलं. लहानपणी दादीने सलाहुद्दीनच्या गोष्टी सांगून झोपवलेली मुलगी मी. या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याशी माझं काय नातं? मग दुसऱ्या दिवशी पुढे वाचलं. हे चर्च गोल आहे, कारण ते जेरुसलेममधल्या, येशूच्या कबरीच्या जागी बांधलेल्या चर्चच्या नमुन्यावर उभारलं. आणि त्या मूळ चर्चच्या दाराची किल्ली शतकानुशतकं एका मुस्लीम घराण्याकडे असते, दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लीम घराण्याकडे. म्हटलं, किल्ली आपल्याकडे असेल तर आत डोकवायला हरकत नाही.

चर्चमधला ऑर्गनवादक नेमकं काय करतो, हे मात्र पुस्तकातून कळेना. आपल्याला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला आठवतो, बालगंधर्वांच्या साथीचा. तो पायाने भाता चालवायचा. मोठ्या चर्चमधला ऑर्गन वेगळा: भिंतभर उभ्या नळ्या, शेकड्यांनी, हजारांनी, काही पेन्सिलीएवढ्या तर काही ताडाएवढ्या, आणि त्यातून हवा सोडणारे पट्ट्यांचे दोन-तीन थर. पायांसाठीही पट्ट्या असतात, म्हणजे पायसुद्धा सुरात हवे. हे मला समजावलं माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीने. ती मिरजेचीच, ख्रिस्ती, मराठी शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवते. त्यांच्याकडे रेव्हरंड टिळकांची गीतं आजही म्हणतात, आपल्याच रागदारीत बांधलेली. (पेटी म्हटली की अब्बांची चिडचिड आठवते. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. अब्बांच्या मते रेडिओने केलेलं हे सर्वांत मोठं नेक काम. पेटीत मींड नाही, म्हणायचे, जिना आहे, उतार नाही.)

मैत्रीण म्हणाली, "अगं, साथ देणाऱ्याचं आणि माझं काम एक नाही. गवयाची साथ करणारा गवयाच्या मागे असतो. मला शंभर माणसांच्या अर्धी मात्रा पुढे राहावं लागतं, आणि त्या शंभरांत गाता येणारी दहा असतात. माझं वादन कुणी ऐकत बसलं तर माझं काम फसलं. त्यांनी गायला पाहिजे."

आणि एक गोष्ट तिने सांगितली. मोठ्या चर्चमध्ये ऑर्गनवादक बऱ्याचदा वर माडीवर, लोकांकडे पाठ करून बसतो. खाली काय चाललंय ते त्याला छोट्या आरशात दिसतं. कित्येक ठिकाणी त्याच्यापुढे पडदा असतो.

मी तिला विचारलं, "पडदा?"

"हो, पडदा. त्यात काय?"

तिला काय सांगणार. मी हसले.

आता असा माणूस माइकपुढे बसवा. आयुष्यभर तो न दिसता, पाठमोरा बसून, अनोळखी लोकांकडून गाऊन घेत आला आहे. त्याला रेडिओ नवा कसा वाटेल? बीबीसी १९२२ मध्ये सुरू झाली तेव्हा माइकपुढे कसं बोलायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. व्याख्याते सभेत बोलावं तसं बोलायचे, पाद्री प्रवचन द्यावं तसे. डेव्हिस पियानोशी बसायचे, एक ओळ वाजवायचे, शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं दोन वाक्यं बोलायचे, परत वाजवायचे. १९२६ पासून मोठ्यांसाठी त्यांची जी व्याख्यानमाला चालली तिच्या नावातच "सामान्य श्रोता" हे शब्द होते. ज्याला स्वरलिपी येत नाही, ज्याच्या घरी पियानो नाही, जो दिवसभर काम करून आलाय, तो. शाळांच्या पाठात त्यांनी याहून पुढची गोष्ट केली. मुलांना सांगितलं, तुम्ही स्वतः चाली बांधा आणि मला लिहून पाठवा. मुलांनी पाठवल्या. त्यांतल्या काही ते वाजवून दाखवायचे.

शिक्षक म्हणून मला यातलं धाडस कळतं. समोर वर्ग नाही, फळा नाही, कोण झोपलंय कोण खिडकीतून पाहतंय ठाऊक नाही. शाळांकडचे रेडिओ तेव्हा व्हॉल्व्हचे, भोंग्यातून आवाज येणार, त्यात खरखर. आणि हा माणूस मुलांना "ऐका" म्हणून थांबत नाही, "तुम्ही करा" म्हणतो. चर्चमधली सवय. माझ्या मैत्रिणीच्या भाषेत, त्यांनी गायला पाहिजे.

१९२७ मध्ये ते पुन्हा विंडसरला गेले, ज्या चॅपेलमध्ये बारा वर्षांचे असताना गायले होते तिथेच ऑर्गनवादक म्हणून. पाच वर्षं होते. म्हणजे एकीकडे राजाच्या चॅपेलमधली प्रार्थना, दुसरीकडे स्टुडिओ. त्याच सुमारास चर्चचं संगीत स्वतःच रेडिओवर येऊ लागलं होतं: ऑक्टोबर १९२६ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतून संध्याकाळची गायलेली प्रार्थना पहिल्यांदा प्रसारित झाली आणि जानेवारी १९२८ पासून बीबीसीवर रोज सकाळची प्रार्थना सुरू झाली. त्यावेळी तिकडेही वाद झालाच. प्रार्थना ऐकताना माणूस टोपी घालून दारूच्या गुत्त्यात बसलेला असेल तर? घराघरात प्रार्थना पोचली तर चर्चमध्ये कोण येईल? मला हे वाचून आमच्याकडच्या लाउडस्पीकरवरच्या, मग टीव्हीवरच्या, मग मोबाइलवरच्या चर्चा आठवल्या. यंत्र बदलतं, भीती तीच.

एल्गार गेल्यावर १९३४ मध्ये डेव्हिस यांना राजाचे संगीतप्रमुख नेमलं. एल्गारच्या खुर्चीवर हे? संगीतकार म्हणून त्यांची उंची एल्गारएवढी नव्हती, हे मलासुद्धा ऐकून कळतं. त्यांची एक "सोलेम मेलडी" आहे, १९०८ ची. युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाला लंडनच्या स्मारकापाशी दरवर्षी वाजते. साधी आहे. तिच्यात चमत्कार काही नाही, श्वास घ्यायला जागा भरपूर आहे. ती मी मोबाइलवर तीन-चार वेळा ऐकली आणि मला एकदम अब्बा आठवले. का, ते सांगते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर जाणारा. व्हिडिओ पाठवला तर उघडायचा नाही, नेट पुरायचं नाही. म्हणून मी नुसता आवाज पाठवू लागले. आठ-दहा मिनिटांचा मराठीचा पाठ, रात्री फोन घरी आला की मुलांनी ऐकायचा. मागच्या खोलीत, कपाटाचं दार उघडून, गोधड्यांकडे तोंड करून मी रेकॉर्ड करायची, म्हणजे घुमत नाही. अब्बा तेव्हा माझ्याकडेच होते. हात थरथरायला लागल्यापासून कानस सुटली होती. पलीकडच्या खोलीत पडून असायचे.

आठवड्याभराने त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, कालचं लाव. मी म्हटलं, काय? "वो जो तू अलमारी को पढ़ाती." मी फोन त्यांच्या उशाशी ठेवला आणि लावला. क्रियाविशेषण अव्ययाचा पाठ होता, लावण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. जवारी ऐकताना मिटायचे तसे. पाठ संपल्यावर म्हणाले, "जल्दी बोलती. जरा ठैर के बोल. बच्चे लिख रहे होंगे."

मी पुढचा पाठ ठैर के बोलले. प्रश्न विचारून मनातल्या मनात चार आकडे मोजले, मग उत्तर. सकाळी एका मुलाच्या आईचा आवाजी निरोप आला. तिने आजपर्यंत माझ्याशी कधी बोलणं केलं नव्हतं. ती म्हणाली, मीपण उत्तर दिलं आपा, बरोबर आलं.

हे सगळं मला डेव्हिस माहीत होण्याआधीचं. नंतर वाचताना जाणवत राहिलं की हा माणूस जिथे थांबतो, तिथे अब्बांनी मला थांबायला सांगितलं होतं. दोघांनाही न दिसणाऱ्या ऐकणाऱ्याचा अंदाज होता. एकाला माडीवरच्या आरशातून आलेला. दुसरा सतार बनवायचा, पण ती पुढे कुणाच्या मांडीवर जाणार, कोणत्या गावी वाजणार, हे त्याला कधीच कळणार नव्हतं.

मी अब्बांना ते पत्र विचारलं नाही. अनेकदा तोंडावर आलं. इतका चांगला कान होता तुम्हाला, मग त्या दिवशी का गप्प बसलात? एकदा मी एवढंच म्हटलं, "अब्बा, रेडिओ तर सगळ्यात मोठा परदा आहे. आवाजाशिवाय काही जातच नाही बाहेर." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाँ." नुसतं हाँ. त्यातून काय घ्यायचं ते मी अजून ठरवू शकलेले नाही. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले. हत्यारांची पेटी माझ्या भावाकडे आहे. त्यात पत्र नाही. मी पाहिलं.

डेव्हिस गेले ११ मार्च १९४१ रोजी. युद्धामुळे बीबीसीने संगीत विभाग लंडनहून ब्रिस्टलला हलवला होता, तेव्हा तेही जवळच्या रिंग्टन खेड्यात राहायला गेले होते, तिथेच वारले. बरोबर दोन महिन्यांनी, १० मेच्या रात्री, जर्मन विमानांनी लंडनवर आगीचे बाँब टाकले. टेंपल चर्च पेटलं. छत कोसळलं आणि ज्या ऑर्गनवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली तो जळून गेला. त्यांना हे पाहावं लागलं नाही. आठशे वर्षांपूर्वी जेरुसलेमसाठी लढणाऱ्यांनी बांधलेलं चर्च दुसऱ्याच लढाईत जळलं. पुढे ते दुरुस्त केलं, नवा ऑर्गन बसवला, तिथे अजून मुलं गातात.

माझ्या मैत्रिणीने नाताळला मला त्यांच्या चर्चमध्ये बोलावलं होतं. मी गेले. शेवटच्या बाकावर बसले. आपल्या नमाजात इमाम म्हणतात आणि आपण ऐकतो, वाद्याचा प्रश्नच नाही. मला त्यात काही कमी वाटत नाही. पण तिथे शेजारची म्हातारी बेसूर गात होती आणि कुणी वळून पाहत नव्हतं, हे मला आवडलं. मैत्रीण पेटीवर मान खाली घालून बसली होती. मध्येच मला तिचं बोलणं आठवलं आणि मी मुद्दाम पेटीकडे कान दिले. सापडली नाही. गाण्यात गेली होती.

तर ती मुलगी. तिच्या वडिलांची रिक्षा आहे. परवा मी फोन केला. माणूस अदबीने बोलला. म्हणाला, आपा, तुमच्यावर भरोसा आहे, पण लोक आहेत, तिचे मामा आहेत. मामा म्हटल्यावर मला हसू आलं, ते मी दाबलं. मी त्यांना टेंपल चर्चही सांगितलं नाही आणि हिराबाईही नाही. म्हटलं, तुम्ही एकदा शाळेत या, तिचं वाचन तुम्ही ऐकलंय का? ते म्हणाले, घरी वाचते की. मी म्हटलं, तसं नाही, बसून, काम बाजूला ठेवून?

पलीकडे रिक्षा चालू होती. ती बंद झाल्याचं ऐकू आलं.

"गुरुवारी येतो," म्हणाले. "दुपारी गाडी रिकामी असते."

मुलीला मी काहीच सांगितलेलं नाही. उतारा तेवढा निवडून ठेवलाय.